काफिल्याच्या मागे चालणारा अमीर
(कौटुंबिक प्रवासाविषयी इस्लामी शिकवण)

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घराघरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. कोणी डोंगर पाहू इच्छितो, कोणी जंगल, कोणी समुद्र. काही दीनदार माणसांना वाटते की हा निव्वळ वेळेचा आणि पैशाचा अपव्यय आहे. परंतु पवित्र कुरआनाचा सूर तसा नाही. सूरह अन्कबूतच्या विसाव्या आयतीत पृथ्वीवर फिरून अल्लाहने सृष्टीची सुरुवात कशी केली ते पाहण्याची आज्ञा आहे. सूरह हजच्या शेहेचाळिसाव्या आयतीत प्रवासाचा संबंध थेट हृदयाशी जोडला आहे. माणसाने फिरावे, म्हणजे त्याला समजणारे हृदय आणि ऐकणारे कान लाभतील, आणि आंधळे होतात ते डोळे नव्हेत, हृदये आंधळी होतात, असा त्या आयतीचा आशय आहे.

म्हणजे प्रवासाला जाण्यास हरकत नाही. प्रश्न एवढाच आहे की प्रवासात आपले हृदय उघडे असते काय? मी जे पुढे लिहीत आहे ते प्रथम माझ्या स्वतःच्या चुकीविषयी आहे. मिंबरवरून इतरांना सांगणारा माणूस रस्त्यावर काय विसरला, हे वाचकांनी ऐकावे आणि त्यातून आपल्या घरासाठी बोध घ्यावा, एवढीच इच्छा आहे.

एका प्रवासाची कबुली

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही गोंदियाहून कोकणात निघालो. माझी आई, पत्नी, तीन मुले आणि मी अशी सहा माणसे होतो. एका स्नेह्याने आपली मोठी गाडी दिली होती. मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. जाताना सह्याद्रीचा घाट दिसेल, पुढे किनारा दिसेल, आणि विदर्भाचे रान तर घरापासूनच सोबतीला आहे, असा तो बेत होता. एका बाजूचे अंतर हजार किलोमीटरहून अधिक. शनिवारी निघून गुरुवारी परत यायचे होते, कारण शुक्रवारी जुम्याचा खुत्बा मला द्यायचा होता. त्यामुळे पहिल्या तासापासून माझे लक्ष घड्याळाकडे आणि समोरच्या रस्त्याकडे होते.

नागपूर मागे पडल्यावर अम्मींनी पाणी पिणे जवळजवळ बंद केले. कोणी बाटली पुढे केली की त्या ओठ ओले करून ती परत देत. मला ते दिसले नाही. दुपार कलल्यावर त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बेटा, असरचा वक्त झाला असेल." मी उत्तर दिले, "पुढे थांबू, अम्मी. आपण मुसाफिर आहोत. दोनच रकअत आहेत, लगेच होतील." त्या गप्प बसल्या. आम्ही थांबलो तेव्हा सूर्य पिवळा पडला होता. विनाकारण असर ज्या वेळेपर्यंत लांबवू नये असे मी मुलांना मक्तबमध्ये शिकवतो, त्या वेळेत मी माझ्या आईला नमाज पढायला लावली.

दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट उतरताना अम्मींना उलट्या सुरू झाल्या. घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत त्या विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तरही देईनात. चिपळूणला एका डॉक्टरांनी त्यांना तपासले, सलाईन लावले आणि मला विचारले, "कालपासून यांनी किती पाणी प्यायले आहे?" मला सांगता आले नाही. पत्नीने सांगितले, "अम्मींनी कालपासून पाणी सोडल्यातच जमा आहे. वरचेवर गाडी थांबवावी लागू नये म्हणून." मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही पुढेच पाहत होता."

अल्लाहच्या कृपेने दोन दिवसांत अम्मींना बरे वाटले. शेवटी मुलांनी एकच संध्याकाळ समुद्र पाहिला आणि अम्मींनी तो वाळूवर ठेवलेल्या खुर्चीत बसून पाहिला. परतीचा प्रवास आम्ही सावकाश केला. जुम्याचा खुत्बा दुसऱ्या आलिमांनी दिला आणि मशिदीचे काहीही अडले नाही. ज्या घाईपायी आईचा जीव धोक्यात आला, ती घाई मुळात अनावश्यक होती.

अमीर कशासाठी असतो?

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात प्रेषित मुहम्मद (स.) यांचा आदेश आहे की तीन माणसे प्रवासाला निघाली तर त्यांनी एकाला अमीर करावे. हा आदेश आपल्याला पाठ असतो. घरचा कर्ता पुरुष गाडीत पुढे बसतो आणि स्वतःला अमीर समजतो. परंतु अमीराने काफिल्यात कोठे असावे, हे याच संग्रहातील दुसऱ्या हदीसमधून कळते. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) प्रवासात काफिल्याच्या मागे राहत, दुर्बलाच्या वाहनाला पुढे हाकत, कोणी पायी राहिला असेल तर त्याला आपल्या मागे बसवून घेत आणि त्यांच्यासाठी दुआ करीत.

क्षणभर या चित्राचा विचार करावा. ज्यांच्या एका शब्दावर संपूर्ण काफिला थांबला असता, ते स्वतः सर्वांत मागे आहेत. कारण जो थकतो तो मागे पडतो, आणि त्याच्याकडे पाहणारा कोणी तरी मागेच असावा लागतो. पुढच्या माणसाला केवळ रस्ता दिसतो, मागच्या माणसाला माणसे दिसतात.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अंजशा (रजि.) यांचा प्रसंग आहे. त्यांच्या सुरेल गाण्याने उंट वेगाने चालू लागत. त्या उंटांवर स्त्रिया बसल्या होत्या. प्रेषितांनी (स.) त्यांना जपून हाकण्यास सांगितले आणि स्त्रियांना काचेच्या पात्रांची उपमा दिली. आज उंटाच्या जागी मोटार आहे, परंतु मागच्या आसनावर काचेची पात्रे आजही आहेत: गर्भवती सून, गुडघे दुखणारी दादी, घाटात पोट ढवळणारे लहान मूल. वाहन चालविणाऱ्या प्रत्येक तरुणाने हा प्रसंग लक्षात ठेवावा.

यावरून घरात एक साधा नियम करता येतो. दीड-दोन तासांनी गाडी थांबवावी, मग कोणी मागणी केलेली असो वा नसो. "थांबायचे का?" असे विचारू नये. आपल्या माता-भगिनी या प्रश्नाला नेहमी "नको" असेच उत्तर देतात. रस्त्यावर स्वच्छ आणि सुरक्षित प्रसाधनगृह मिळणे त्यांना किती अवघड असते, हे पुरुषांना सहसा ठाऊक नसते. तेव्हा निघण्यापूर्वीच थांबण्याच्या जागा ठरवाव्यात, त्या ठरविताना घरातील स्त्रियांचे मत प्रथम घ्यावे, आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातातील पाण्याची बाटली रिकामी होते की नाही इकडे अमीराने स्वतः लक्ष द्यावे. सूरह बनी इस्राईलमध्ये आई-वडिलांना "उफ्"सुद्धा म्हणू नये अशी ताकीद आहे. माझ्या आईला मी उफ् म्हटले नव्हते, हे खरे. पण तिला पाणी मागण्याचा संकोच वाटावा असा प्रवास मी आखला होता. या दोहोंत फार अंतर आहे असे मला आता वाटत नाही.

कसर: सवलतीचा योग्य अर्थ

सूरह निसाच्या एकशे एकाव्या आयतीत प्रवासात नमाज संक्षिप्त करण्याची परवानगी आहे. त्या आयतीत शत्रूच्या भयाचा उल्लेख असल्यामुळे, आता शांतता असताना कसर का करावी, असा प्रश्न हजरत उमर (रजि.) यांना पडला होता. त्यांनी तो प्रेषितांना (स.) विचारला. ही अल्लाहने तुम्हाला दिलेली देणगी आहे, ती स्वीकारा, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

ही देणगी रकअतींच्या संख्येत आहे, वेळेच्या बेपर्वाईत नाही. माझी चूक नेमकी येथे झाली. "दोनच रकअत आहेत" हे वाक्य मी नमाज पुढे ढकलण्यासाठी वापरले. वास्तविक ते लवकर थांबण्याचे कारण व्हायला हवे होते: दोनच रकअत आहेत, मग थांबायला कितीसा वेळ लागतो?

हनफी मतानुसार यासंबंधीचे मुख्य मसाइल थोडक्यात असे आहेत:

१. सुमारे ७७ किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतरावर जाण्याच्या इराद्याने निघालेला माणूस मुसाफिर ठरतो. कसर घरातून निघताच सुरू होत नाही, गावाची वस्ती ओलांडल्यावर सुरू होते.

२. जुहर, असर आणि इशा यांच्या चार फर्ज रकअतींऐवजी दोन पढाव्यात. फज्र, मगरिब आणि वित्र यांत बदल नाही.

३. एका ठिकाणी पंधरा किंवा अधिक दिवस राहण्याचा इरादा केला तर तेथे पूर्ण नमाज पढावी.

४. मुसाफिराने स्थानिक इमामामागे नमाज पढली तर पूर्ण चार रकअत पढाव्यात.

५. उभे राहण्याची क्षमता असताना धावत्या गाडीत बसून फर्ज नमाज पढू नये. प्रेषित (स.) नफल नमाज वाहनावर बसून पढत, मात्र फर्ज नमाजसाठी खाली उतरत, असे सहीह बुखारीत आहे.

कोकणातील मशिदीत माझ्या मोठ्या मुलाने एक दृश्य पाहिले. काही मुसाफिरांनी जुहरच्या दोन रकअत पढल्या आणि लगेच उठून असरच्याही दोन रकअत पढल्या. त्याने मला बाजूला घेऊन विचारले, "अब्बा, यांनी असर वक्ताआधी कशी पढली?" मी त्याला सांगितले की कोकणातील बहुतेक मुसलमान शाफई मसलकाचे आहेत, आणि शाफई मतात मुसाफिराला जुहर-असर तसेच मगरिब-इशा एकत्र पढण्याची परवानगी आहे. आपल्या हनफी मतात अरफात व मुज्दलिफा वगळता अशी परवानगी नाही. तथापि, जुहर तिच्या वेळेच्या अखेरीस आणि असर तिच्या वेळेच्या आरंभी पढली, तर एकाच थांब्यात दोन्ही नमाजा आपापल्या वेळेत होतात. दोन्ही मतांचा आधार हदीसच आहे. प्रवासाचा हाही एक लाभ आहे की आपल्या गल्लीबाहेरही तितकेच निष्ठावंत लोक नमाज पढतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

डोंगर, समुद्र आणि रात्र

हजरत जाबिर (रजि.) सांगतात की आम्ही चढण चढताना अल्लाहु अकबर म्हणत असू आणि उतरताना सुब्हानल्लाह म्हणत असू. ही बुखारीतील हदीस मुलांना घाटात शिकवावी, ती आयुष्यभर विसरत नाहीत. माणूस उंचावर गेला की त्याला स्वतःच्या मोठेपणाचा भास होतो, तेथे अल्लाहचा मोठेपणा उच्चारायचा, आणि खाली उतरताना तो सर्व उणिवांपासून पवित्र आहे याची साक्ष द्यायची.

समुद्राविषयी एका प्रवाशाने विचारले होते की आमच्याजवळ पिण्याचे पाणी थोडे असते, मग समुद्राच्या पाण्याने वुजू करावा काय? ते पाणी पाक आहे आणि त्यातील मृत जीव हलाल आहे, असे उत्तर प्रेषितांनी (स.) दिले. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांनी नोंदविली आहे. हनफी मतात दुसऱ्या वाक्याचा अर्थ मासळीपुरता घेतला जातो.

रात्रीच्या प्रवासाविषयी मात्र गांभीर्याने बोलले पाहिजे. प्रवास हा यातनेचा एक तुकडा आहे, तो माणसाचे अन्न, पाणी आणि झोप हिरावतो, म्हणून काम होताच घरी परतावे, अशी शिकवण बुखारी व मुस्लिम यांत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर एक खासगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. एक दिवस वाचविण्यासाठी झोप न घेता गाडी हाकणे ही बहादुरी नव्हे. सूरह बकराच्या एकशे पंचाण्णवाव्या आयतीत स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात टाकण्याची मनाई आहे. ज्याच्या गाडीत सहा जीव आहेत त्याने ही आयत सहा वेळा स्मरावी.

बोदलकसा: जवळचा प्रवास

या वर्षी मुलांनी पुन्हा प्रवासाचा विषय काढला तेव्हा मी तो अम्मींवर सोपविला. त्या म्हणाल्या, "जेथून संध्याकाळी घरी परत येता येईल तेथे चला." आम्ही बोदलकसा निवडले आणि नागपूरची माझी बहीण व मेहुणे मुलांसह तेथेच येऊन मिळाले.

गोंदिया जिल्ह्याबाहेरील वाचकांसाठी सांगतो. बोदलकसा तिरोडा तालुक्यात आहे. डोंगर आणि दाट झाडी यांच्या कुशीत १९१७ च्या सुमारास मातीचे धरण बांधून हा जलाशय तयार झाला. धानाच्या शेतीला पाणी देण्यासाठी तो बांधला गेला. शेजारीच नागझिऱ्याचे रान आहे. त्याला १९७० मध्ये अभयारण्याचा आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा या नावाने व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा-गोंदियाचा हा प्रदेश तलावांचा म्हणून ओळखला जातो. मे महिन्यात पाणी बरेच खाली गेलेले असते, मोहफुलांचा हंगाम संपत आलेला असतो आणि आजूबाजूच्या गावांतील बायामाणसे पहाटेपासून तेंदूपाने तोडायला रानात जातात. डोंगर, जंगल आणि पाण्याचा किनारा हे तिन्ही येथे घरापासून जवळ एकत्र मिळतात, हे इतकी वर्षे माझ्या ध्यानात आले नव्हते.

जुहरच्या वेळी एक चांगला धडा आपोआप मिळाला. गोंदियाहून बोदलकसा ७७ किलोमीटरपेक्षा बरेच जवळ आहे, म्हणून आम्ही मुसाफिर नव्हतो. नागपूरहून मात्र ते शंभर किलोमीटरहून दूर आहे, म्हणून मेहुणे मुसाफिर होते. वयाने मोठे असल्याने मी त्यांनाच इमामतीची विनंती केली. त्यांनी दोन रकअतींवर सलाम फिरविला आणि सांगितले की मी मुसाफिर आहे, तुम्ही नमाज पूर्ण करा. आम्ही उभे राहून उरलेल्या दोन रकअत पढल्या. हजरत उमर (रजि.) मदीनेहून मक्केला येत तेव्हा तेथील लोकांना असेच सांगत, असे इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आहे. मुलांनी जो मसला पुस्तकात दोनदा वाचून सोडून दिला होता, तो त्यांना पाच मिनिटांत समजला.

किब्ल्याचीही अशीच गोष्ट. धाकट्याने विचारले की येथे मशीद नाही, मग मक्का कोणत्या बाजूला? मी त्याला सांगितले की गोंदिया आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही सुमारे साडेएकवीस अंश उत्तरेला. पृथ्वी गोल असल्यामुळे जवळचा मार्ग किंचित उत्तरेकडून जातो. म्हणून येथे पश्चिमेकडे, अगदी थोडे उजवीकडे कलून उभे राहावे.

नमाजनंतर मुले पाण्याकडे धावली. तेथे मी दोन गोष्टींबाबत कठोर राहिलो. पहिली अशी की खोल पाण्यात कोणी उतरायचे नाही. अनोळखी तलावाचा तळ कोठे खचतो हे वरून दिसत नाही. दुसरी अशी की येथे मागे काही ठेवायचे नाही. पाणवठा, रस्ता आणि सावलीची जागा ही तीन ठिकाणे घाण करणे शापाला कारण ठरते, असा इशारा अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. बोदलकसाला ही तिन्ही ठिकाणे हाताच्या अंतरावर आहेत. ज्या झाडाखाली आपण बिर्याणी खातो, त्याच सावलीत दुसऱ्या दिवशी तेंदूपानांचा भारा उतरवून कोणी तरी बसणार असते. जे पाणी आपल्याला देखावा वाटते, ते कोणाच्या तरी धानाचे पाणी आहे आणि रानातल्या जिवांचे उन्हाळ्यातील पिणे आहे.

माझ्या भाच्याला झुडपात एका पक्ष्याचे घरटे दिसले. त्याने हात पुढे केला तेव्हा अम्मींनी त्याला जवळ बोलावून एक हदीस सांगितली. प्रवासातच काही सहाबांनी एका लहान पक्षिणीची दोन पिले उचलली होती. ती व्याकूळ होऊन पंख फडफडू लागली. प्रेषितांनी (स.) ते पाहिले, हिला हिच्या पिलांपायी कोणी दुखावले असे विचारले आणि पिले परत ठेवायला लावली. मुलाने हात मागे घेतला. मी दूर बसून ऐकत होतो. ती हदीस मला मदरशात शिकविली गेली, पण त्याआधी अम्मींनी मला लहानपणी सांगितली होती, हे मला तेव्हा आठवले. आमच्या काफिल्यातील सर्वांत थकलेले माणूसच आम्हाला शिकवीत होते.

त्या दिवशी अम्मींनी तीन बाटल्या पाणी प्यायले. मुलांनी ते मोजले होते.

परतताना

प्रेषित (स.) प्रवासाहून परतल्यावर प्रथम मशिदीत जाऊन दोन रकअत नमाज अदा करीत. ही सुन्नत आपल्या घरांतून जवळजवळ नाहीशी झाली आहे, ती पुन्हा सुरू करावी. मुसाफिराची दुआ स्वीकारली जाते अशीही शुभवार्ता आहे. तेव्हा गाडीत म्हाताऱ्या आईला "अम्मी, दुआ करा" असे म्हणणाऱ्याने आधी तिच्या दुआत आनंद असेल असा प्रवास तिला घडवावा.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मागील प्रवासात सर्वांत जास्त त्रास कोणाला झाला? ते आपल्याला तेव्हाच कळले की नंतर?

२. आपल्या गावापासून ७७ किलोमीटरच्या आत आणि बाहेर कोणकोणती ठिकाणे येतात? मुलांकडून यादी करून घ्यावी.

३. पुढील प्रवासाचा अमीर कोण असेल, आणि काफिल्याच्या मागे कोण आहे हे तो कसे पाहील?

अल्लाह आपल्या सर्वांचे प्रवास सुखरूप करो, आपल्याला दुर्बलांच्या चालीने चालण्याची सद्बुद्धी देवो आणि आपल्या माता-पित्यांना आपल्यापासून समाधानी ठेवो. आमीन.